पिवळ्या ठिपक्यावरून मामा-भाचीचं भांडण

वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर चपटा चट्टा. हाताला मऊ. दुखत नाही, खाजत नाही, नजरेच्या आड येत नाही. चाळिशी-पन्नाशीत कधीतरी उगवतो, सावकाश पसरतो आणि बऱ्याचदा दुसऱ्या डोळ्यावर जोडीदार आणतो. डॉक्टर त्याला झँथेलाझ्मा म्हणतात. दवाखान्याच्या बाकावर बसलेले लोक 'कोलेस्टेरॉलचे डाग' म्हणतात. त्याचं करायचं काय, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. ते मतभेद मांडायला मी एक मामा आणि एक भाची बेतली आहे. मामा साताऱ्यातले, जन्मभर फिजिशियन म्हणून काम करून आता निवृत्त. भाची मुग्धा कोल्हापुरात त्वचारोगतज्ज्ञ. रविवारची जेवणं आटोपली आहेत, मामी आत झोपली आहे आणि मामांना वामकुक्षीपेक्षा वाद प्रिय आहे.

मामा : तुझ्या दवाखान्याच्या दारावर पाटी बघितली. 'डोळ्यांवरचे पिवळे डाग एका बैठकीत गायब.' हे तू लिहिलंस?

मुग्धा : बोर्डवाल्याने लिहिलं. 'एका बैठकीत' खोडायला सांगितलंय मी. दाट डागांना दोन-तीन बैठका लागतात.

मामा : मला बैठका खटकत नाहीत, 'गायब' खटकतं. घरात चोर शिरलाय, ओल्या पायाचे ठसे फरशीवर उमटलेत, आणि तू फडकं घेऊन ठसे पुसतेस. वर त्याचे पैसे घेतेस.

मुग्धा : ठसे बघून माणूस जागा झाला ना? मग नंतर फरशी पुसली तर बिघडलं कुठे? आणि मामा, लोक जागे होतात ते माझ्याकडेच. तुझ्याकडे छातीत दुखल्यावर यायचे.

मामा : अतिशयोक्ती करू नकोस.

मुग्धा : बरं, तू सांग. तुझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये 'डॉक्टर, पापणीवर पिवळं काहीतरी आलंय' म्हणून आपणहून किती पुरुष आले?

मामांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्याऐवजी ते एका एसटी कंडक्टरची गोष्ट सांगू लागले.

मामा : बेचाळीस वर्षांचा होता. रात्री अकराला छातीत कळ, घाम. सकाळपर्यंत सावरला. राउंडला गेलो तर चारही पापण्यांवर पिवळे पट्टे. म्हटलं, हे कधीपासून? म्हणतो, 'साहेब, सात-आठ वर्षं झाली. न्हावी म्हणतो चरबी आहे, जाईल.' मग मी त्याच्या पायाशी बसलो. टाचेच्या वर जो दोरीसारखा स्नायूबंध असतो ना, तो चिमटीत धरला. चांगल्या माणसाचा करंगळीएवढा, कडा स्पष्ट लागणारा असतो. याचा अंगठ्याहून जाड, आणि त्यात गाठी. हाताची मूठ वळायला लावली, तर बोटांच्या पेरांवरून जाणाऱ्या स्नायूबंधांवरही गाठी. विचारलं, वडील? 'पंचेचाळीसाव्या वर्षी गेले, ड्यूटीवर.' एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दोनशेसाठच्या घरात. निदान व्हायला आणखी काय लागतं?

मुग्धा : आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया.

मामा : तोच. दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, म्हणजे भरल्या लग्नाच्या हॉलमध्ये एक-दोन जण सापडतील. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणाऱ्या ज्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतो आपण, त्या निम्म्या तरी निकामी. मग ते रक्तातच फिरत राहतं. ब्राउन आणि गोल्डस्टीनने हे गणित सोडवलं आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. आणि आमच्या कंडक्टरला सात-आठ वर्षं न्हावी उपचार करत होता.

मुग्धा : माझ्याकडे आला असता तर मी आधी रक्त तपासलं असतं.

मामा : तू तपासलं असतंस. पण तुझ्या गल्लीच्या टोकाला जे पार्लर आहे, तिथे?

मुग्धा : तिथलं सोड. तिथे जाऊन आलेल्या बायका मला निस्तराव्या लागतात. इंटरनेटवरून मागवलेलं कसलंसं मलम, नाहीतर लसूण ठेचून रात्रभर पापणीवर. लसणाने कातडी भाजते, मामा, अक्षरशः फोड येतात. पापणीची कातडी सगळ्या अंगात सर्वांत पातळ. ती खोल भाजली, की व्रण आकसतो, खालची पापणी बाहेर उलटते, डोळा नीट मिटत नाही, दिवसभर पाणी गळतं. डाग परवडला म्हणायची वेळ येते.

इथे जरा थांबून त्या पिवळ्या चट्ट्यात असतं काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच उभं आहे. ती नुसती साठलेली चरबी नव्हे. रक्तातले एलडीएलचे कण पापणीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून झिरपून कातडीत येतात. तिथे सफाईचं काम करणाऱ्या पेशी ते गिळतात. गिळतात, पण पचवून बाहेर टाकणं जमत नाही, तेव्हा त्या फुगत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. अशा हजारो पेशी एका ठिकाणी जमल्या की वरून पिवळा ठिपका दिसतो. हृदयाच्या धमनीत जो थर साचतो आणि एक दिवस फुटून गुठळी करतो, त्याची सुरुवातही याच फेसाळ पेशींनी होते. पापणीवरची दिसते, धमनीतली दिसत नाही, एवढंच.

मामा : म्हणून म्हणतो, पापणी ही खिडकी आहे. तू खिडकीला रंग देऊन बंद करतेस.

मुग्धा : पण मामा, तुझी खिडकी निम्म्या वेळा भलतंच दाखवते. हे डाग असणाऱ्या साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल येतं. हे पुस्तकात आहे आणि मी रोज बघते. एक बाई आली होती, शाळेत शिक्षिका. मुलाचं लग्न मार्गशीर्षात. रिपोर्ट अगदी स्वच्छ. तिला मी काय सांगू? 'फोटोत डाग दिसू देत, हृदयाची खूण आहे'?

मामा : रिपोर्ट स्वच्छ आल्यावर तू तिला काय सांगितलंस?

मुग्धा : सांगितलं, काळजीचं कारण नाही, फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. आणि डाग काढला.

मामा : इथेच मला तुला पकडायचं होतं.

मामा खुर्चीत पुढे सरकले. निवृत्त डॉक्टरांना जुने पेपर आठवतात तसे कुणालाच आठवत नाहीत.

मामा : कोपनहेगन. १९७६ ते ७८ या काळात त्यांनी शहरातल्या १२,७४५ लोकांना तपासलं. हृदयविकार नसलेले, धडधाकट. कुणाच्या पापणीवर ठिपके आहेत, कुणाच्या बुबुळाभोवती पांढरं कडं आहे, हे लिहून ठेवलं. ४.४ टक्के लोकांच्या पापण्यांवर डाग होते. मग २००९ पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापला. डाग असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका ४८ टक्क्यांनी जास्त. आता नीट ऐक. हा धोका वय, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट, सगळ्याचा हिशोब वजा करून उरलेला. म्हणजे कोलेस्टेरॉल सारखंच असलेल्या दोघांपैकी ज्याच्या पापणीवर डाग, त्याला धोका जास्त.

मुग्धा : म्हणजे रक्तात किती आहे यापेक्षा ते भिंतीत किती शिरतं...

मामा : हेच. एकाच्या रक्तात जास्त असून वाहत राहतं, दुसऱ्याच्या रक्तात बेताचं असून मुरतं. पापणी सांगते की या माणसात ते मुरतंय. आणि तू त्या शिक्षिकेला सांगितलंस, 'काळजीचं कारण नाही.' रिपोर्ट नॉर्मल, डाग गेला, आता ती बाई दहा वर्षं रक्त तपासणार नाही.

मुग्धा गप्प बसली. तिला गप्प बसलेली मी या लेखात फक्त एकदाच दाखवणार आहे, कारण मामांचा हा मुद्दा खरोखर बिनतोड आहे. 'नॉर्मल' छापलेला कागद हातात पडला की आपल्याकडे विषय संपतो. तो कागद एका दिवसाचा, एका आकड्याचा असतो.

मुग्धा : बुबुळाभोवतीच्या कड्याचं काय निघालं त्यात?

मामा : त्याचा स्वतंत्र संबंध निघाला नाही. का?

मुग्धा : तुझ्या दोन्ही डोळ्यांत आहे म्हणून विचारलं.

मामा : माझं वय बघ. सत्तरीनंतर ते केस पांढरे व्हावेत तसं येतं. चाळिशीच्या आत दिसलं तर मात्र रक्त तपासायचं.

मुग्धा : मोनालिसाच्या डाव्या डोळ्यालाही आतल्या कोपऱ्यात पिवळा ठिपका आहे, असं काही डॉक्टरांनी दाखवलंय. लिओनार्दोने तो रंगवला, झाकला नाही.

मामा : तिचं लिपिड प्रोफाइल केलंय का कुणी?

मुग्धा : ठीक आहे, हरले मी तेवढ्यापुरती. मग नॉर्मल रिपोर्टवालीला काय करायचं, सांग.

मामा : रक्तदाब, साखर, थायरॉइड. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल चढतं आणि बायकांमध्ये ते सर्रास सुटून जातं. लघवीतून प्रथिनं जातात का. यकृताच्या तपासण्या, विशेषतः मध्यमवयीन बाईला अंगभर खाज असेल तर. पित्तनलिकांचा एक चिवट आजार असतो, त्यात हे डाग येतात आणि खाजेवर ती वर्षभर तुमच्याच लोकांकडून मलमं घेत असते.

मुग्धा : टोमणा पोहोचला.

मामा : तंबाखू विचार. नुसती सिगारेट नव्हे, मिश्रीही. बाई सिगारेट नाही म्हणते आणि सकाळी दात मिश्रीने घासते. घरात पन्नाशीच्या आत कुणाला अटॅक? आणि लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच एक कण. जन्मजात ठरलेलं असतं, आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते येतच नाही, वेगळं लिहावं लागतं. आपल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातलं सरासरी वय ५३ निघालं. डॅनिश माणसाचा आकडा आपल्याला तसाच लावून सुटका नाही.

मुग्धा : मान्य. आता माझी पाळी. तू त्या कंडक्टरला कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन दिलंस?

मामा : अर्थात. जन्मभराचं.

मुग्धा : आणि डागांबद्दल विचारल्यावर?

मामा : म्हटलं, गोळी नियमित घे, जातील.

मुग्धा : गेले?

मामा : ...थोडे फिके पडले असतील.

मुग्धा : नाही जात, मामा. टाचेवरच्या गाठी वर्षानुवर्षांच्या औषधाने थोड्या ओसरतात. पापणीवरचे क्वचित लहान होतात, बहुतेकदा तसेच राहतात. आणि मग पेशंट काय म्हणतो? 'गोळीचा उपयोग नाही, डाग तसाच आहे.' गोळी बंद. तुम्ही फिजिशियन लोक जे वचन देता, त्यानेच औषध सुटतं. डाग म्हणजे काही पारा नाही, की औषध लागू पडतंय का ते त्याच्याकडे बघून कळेल. त्यासाठी एलडीएल मोजायचं.

हा फटका वर्मी बसला. मामांनी सुपारीचा डबा उघडला, मग भाची समोर आहे हे आठवून बंद केला.

मामा : बरं, तू नेमकं करतेस काय ते तरी सांग. मला हे लेझरफिझर बघितल्याशिवाय पटत नाही.

मुग्धा : लहान, चपटा डाग असेल तर ॲसिड. ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड. डागाच्या कडेने वॅसलीनचा बांध घालते, म्हणजे थेंब ओघळला तरी डोळ्यात जाणार नाही. पेशंट डोळे मिटून आडवा, उशी थोडी उंच. लाकडी काडीचं टोक ॲसिडमध्ये बुडवायचं, मग टिपून जवळजवळ कोरडं करायचं. त्या ओलसर टोकाने डाग कडेकडून आत रंगवत यायचं. काही सेकंदांत तिथे पांढरंशुभ्र येतं, तव्यावर मीठ सांडावं तसं. तेवढं आलं की थांबायचं. हात इथे ओळखू येतो. पांढरं झालं तरी जो आणखी एक थेंब लावतो, तो व्रण करतो. आठवड्याभरात खपली पडते. दाट डागाला महिन्याने पुन्हा.

मामा : आणि मोठा असेल तर?

मुग्धा : कार्बन डायऑक्साइड लेझर. आधी डोळ्यात बधिर करणारा थेंब, मग बुबुळावर धातूची वाटी बसवायची. ती वाटी नसेल तर लेझरला हात लावायचा नाही, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगते. मग थर थर करून जाळायचं. खूप मोठा, खोल असेल किंवा वयाने पापणी सैल पडली असेल, तर सरळ कापून शिवणं चांगलं. टाके आठवड्याच्या आत निघतात. पण खालच्या पापणीला जास्त कातडी काढलीस की ती उलटलीच. तिथे मी डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनकडे पाठवते, हौस करत नाही.

मामा : आणि परत येतात, हे सांगतेस का?

मुग्धा : सही घेण्याआधी. कापून काढलेल्यांतही शंभरातल्या चाळीस जणांना परत आले, त्यातले काही पहिल्याच वर्षात, असा १९७६ चा अमेरिकन अभ्यास आहे. चारही पापण्यांवर असतील किंवा कोलेस्टेरॉल चढलेलं असेल तर जास्तच. शिवाय आपली कातडी सावळी. पिवळा डाग गेला आणि त्या जागी पांढरा किंवा काळा आला, असं होऊ शकतं. हेही सांगते. मोठ्या समारंभाच्या आदल्या महिन्यात तर मी करतच नाही, कारण लाली उतरायला आठवडे लागतात.

मामा : मग त्या शिक्षिकेला का नाही थांबवलंस?

मुग्धा : लग्नाला चार महिने होते. आणि समजा मी म्हटलं असतं, आधी सगळ्या तपासण्या, तीन महिने पथ्य, मग बघू. तर ती बाई पार्लरमध्ये गेली असती. चेहरा हा त्यांच्या दृष्टीने आजार असतो, मामा. तो आजार नाही असं म्हणून आपण फक्त त्यांना दाराबाहेर काढतो.

या मुद्द्यावर मी मुग्धाच्या बाजूने आहे. आपल्याकडे बाईने स्वतःच्या हृदयासाठी तपासणीला जाणं ही चैन समजतात. मुलाच्या लग्नातल्या फोटोसाठी जाणं मात्र चालतं. त्या निमित्ताने ती दवाखान्यात आली असेल, तर निमित्त हलकं आहे म्हणून नाक मुरडण्यात शहाणपण नाही. मेडिक्लेमवाले हा खर्च सौंदर्योपचार म्हणून नाकारतात, ते त्यांच्या नियमात बसतं. डॉक्टरने तोच चष्मा लावायची गरज नाही.

मामा : पथ्यावरून आठवलं. तूप बंद कर म्हणून सांगतेस का सगळ्यांना?

मुग्धा : बंद नाही, चमच्याने मोज म्हणते. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. वरणभातावरच्या चमचाभर तुपापेक्षा बेकरीतली खारी आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी मला जास्त छळतात. आणि तुझ्या कंडक्टरसारख्याने नुसती भाकरी-भाजी खाल्ली तरी त्याचं दोनशेसाठ काही शंभरावर येणार नाही. त्याला गोळीच हवी.

मामा : त्याला मुलगा आहे, अकरा वर्षांचा.

मुग्धा : तपासलास?

मामा : तपासला. निम्मी शक्यता असते, बापाकडून यायची. त्याच्या पापण्या स्वच्छ. टाचा स्वच्छ. एलडीएल एकशे नव्वदच्या वर. त्या वयात ठिपके नसतातच बहुधा, म्हणून तर ठिपक्याची वाट बघायची नसते. आई म्हणाली, एवढ्याशा पोराला कसली गोळी? तिला तीन वेळा बोलावून समजावलं. बालरोगतज्ज्ञांशी बोलून मग सुरू केली.

मुग्धा : हे तू पाटीवर का नाही लिहिलंस?

मामा : काय लिहायचं? 'पापणीवर डाग असल्यास पोरांचं रक्त तपासा'?

मुग्धा : हो. 'गायब'च्या जागी मी तेच लिहिते. पण डाग काढायचं मी सोडणार नाही.

मामा : सोडू नकोस. रिपोर्ट आल्याशिवाय ॲसिडची बाटली उघडायची नाही, एवढं कबूल कर.

मुग्धा : रक्त दिल्याशिवाय. रिपोर्ट संध्याकाळी येतो, बाई सकाळी गावाहून आलेली असते.

मामा : रिपोर्ट आल्याशिवाय.

मुग्धा : तिचं परतीचं एसटीचं भाडं तू देणार का?